किन्नौरला जायचंय? मग सरकारी बसनं जा

कुंभार्ली घाटात मी सत्तावीस वर्षं एसटी चालवली. चिपळूण-कराड, चिपळूण-पाटण, मध्ये काही वर्षं रातराणी. त्यामुळे हिमालयात जाऊन आलो म्हटल्यावर लोक पहिला प्रश्न रस्त्याचाच विचारतात. ‘तुम्ही स्वतः चालवली असती का हो गाडी तिथं?’ नसती चालवली. घाटाची सवय असलेला माणूस हे सांगतोय, तेव्हा मुंबई-पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा.

किन्नौर हा हिमाचल प्रदेशाचा तिबेटला लागून असलेला जिल्हा. क्षेत्रफळ 6,401 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेत माणसं अवघी चौऱ्याऐंशी हजार. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावातसुद्धा याहून जास्त भरतील. जिल्हा झाला 1960 साली, म्हणजे आपलं महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी. त्याआधी ही महासू जिल्ह्यातली चिनी नावाची एक तहसील होती. सतलज नदी तिबेटातून शिपकी ला खिंडीजवळ भारतात येते आणि या जिल्ह्याला उभी चिरत जाते. रस्ता त्या चिरेच्या कडेनं. दुसरा रस्ताच नाही, म्हणून नकाशा पाठ करायची गरज पडत नाही. नदी धरून वर जायचं, नदी धरून खाली यायचं.

आम्ही तीनदा गेलो. पहिल्यांदा 2018 च्या मे महिन्यात, एका सहल कंपनीबरोबर. नाव सांगत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. तीन रात्रींत अख्खं किन्नौर. चितकूलला आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली. अंधारात फोटो काढले, जेवलो, झोपलो आणि सकाळी सहाला पुन्हा गाडीत. आमची ही तर दोन दिवस पिशवी तोंडाशी धरूनच होती. परतल्यावर मी ठरवलं की पुन्हा जाईन तो हिमाचलच्या एसटीनं आणि माझ्या वेळापत्रकानं. 2022 आणि 2024 ला तसेच गेलो.

कधी निघायचं

गणपती गेले की निघा. कोकणात नोकरी केलेल्याला गणपती म्हणजे जादा गाड्या आणि डबल ड्युटी. सत्तावीस वर्षं मी विसर्जनानंतरच पाठ टेकलेली आहे. पण किन्नौरच्या बाबतीतही तोच मुहूर्त बरोबर बसतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत आकाश धुतल्यासारखं असतं, सफरचंदं झाडावर असतात, चिलगोजा म्हणजे तिकडचा पाइनचा सुका मेवा, तो उतरवायला सुरुवात झालेली असते. शिवाय पितृपक्षात आपल्याकडचे लोक फिरायला निघत नाहीत, तेव्हा आगगाडीचं आरक्षण मिळायलाही बरं. दिवाळीनंतर वरच्या गावातली लॉजं एकेक करून कुलपं लावू लागतात.

मे-जूनही चालेल. उन्हाळ्यात मैदानी मुलखातली सगळी गर्दी वर येते, एवढंच.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नका. किन्नौरच्या वरच्या भागात पाऊस फारसा पडत नाही, म्हणून काही जण ‘पावसाळ्यातच जा’ असं सांगतात. पण वर पोचायचा रस्ता खालच्या भागातून जातो, आणि तिथले डोंगर ठिसूळ आहेत. 22 जुलै 2021 ला आमच्या चिपळुणात पाणी घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत आलं. आम्ही गाळ उपसत असताना बातमी आली की 25 तारखेला सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ वरून दगड सुटले, पर्यटकांच्या गाडीवर पडले आणि नऊ जण गेले. नदीवरचा पूलसुद्धा मोडला. मग 11 ऑगस्टला किन्नौरच्या मुख्य रस्त्यावर निगुलसरीला दरड आली, तिच्याखाली बाकीच्या गाड्यांबरोबर एक सरकारी बसही गेली. तो मार्ग मला ठाऊक होता. तीन वर्षांपूर्वी तिथूनच गेलो होतो. त्या दिवशी मी फावडं बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसलो होतो.

कसं पोचायचं

मुंबईहून चंदीगड, रेल्वेनं किंवा विमानानं. चंदीगडला सेक्टर 43 च्या स्टँडवरून हिमाचलच्या बस सुटतात. तिथून थेट रेकाँग पिओची, म्हणजे किन्नौरच्या जिल्ह्याच्या ठिकाणाची, रात्रीची बस मिळते आणि सगळे तीच पकडायला सांगतात. पकडू नका. रात्रीच्या बसनं सगळ्यात चांगला रस्ता अंधारात जातो आणि समुद्रसपाटीवरचा माणूस झोपेतल्या झोपेत सव्वादोन हजार मीटरवर जाऊन पडतो.

त्यापेक्षा पहिल्या दिवशी शिमला. दुसऱ्या दिवशी शिमल्याहून रामपूर, साधारण 130 किलोमीटर. ठिओग, नारकंडा करत गाडी आधी चढते आणि नारकंड्यानंतर घसरगुंडीसारखी सतलजच्या पात्राशी उतरते. रामपूरला थंडी नसते, पंखा लागतो. ही बुशहर संस्थानाची राजधानी. हिमाचलचे सहा वेळा मुख्यमंत्री झालेले वीरभद्र सिंह याच राजघराण्यातले. राजवाडा रस्त्याला लागूनच आहे, तो बघा आणि लवकर झोपा. तिसऱ्या दिवशी सकाळी रामपूरहून पिओ. अंतर शंभर किलोमीटरच्या आत, पण चार-पाच तास धरा.

सामान कमी. चाकांच्या बॅगा तिथं निरुपयोगी, कारण स्टँड सोडला की पायऱ्या आणि दगड. एक मऊ पिशवी टपावर, एक मांडीवर. टपावर टाकायच्या पिशवीला बाहेरून प्लॅस्टिक बांधा, नाहीतर घरी आल्यावर कपड्यांतून सतलजची अर्धी वाळू निघेल. उलटीचा त्रास असणाऱ्यांनी पुढून तिसऱ्या रांगेच्या मागे बसू नये. मागच्या चाकाच्या मागे सीट घेतली की प्रत्येक वळणावर माणूस झाडूसारखा फिरतो. आदल्या रात्री डाळभात, सकाळी चहा-बिस्कीट, जवळ आलेपाक आणि आवळासुपारी. हिला या दोन्ही वेळा एकदाही त्रास झाला नाही.

आता खिडकी. रामपूरहून वर जाताना वांगतूच्या पुलापर्यंत नदी तुमच्या डाव्या हाताला असते. आपल्या देशात गाडी डावीकडून, म्हणजे वर जाणारी बस दरीच्या कडेनं चालते. बघायचं असेल तर डावी खिडकी. भीती वाटत असेल तर उजवी, तिकडे नुसता कातळ. वांगतूला पूल ओलांडला की बाजू बदलते.

मी मात्र ड्रायव्हरच्या मागची सीट मागून घेतली.

तिकडचा कंडक्टर दोरी ओढून घंटी देत नाही, तोंडात शिटी ठेवून वाजवतो. शिटी झाली की थांब, पुन्हा झाली की चल. मागे घेताना तर सलग लहान लहान शिट्या. त्याच्यावरून ड्रायव्हर मागचं चाक कड्यापासून किती लांब आहे ते ओळखतो. ड्रायव्हरला ‘उस्तादजी’ म्हणतात. आपल्याकडे आम्हाला ‘ओ ड्रायव्हर’ म्हणायचे, असो. चौरा गावाशी किन्नौर जिल्हा सुरू होतो आणि थोड्याच वेळात तरांडा ढांक येतो. ढांक म्हणजे सरळ तुटलेला कडा. डोंगर फोडून त्याच्या पोटात रस्ता खोदलाय, वरचा कातळ छपरासारखा बाहेर आलेला आणि खाली, बऱ्याच खाली, राखाडी पाणी. इथं तरांडा देवीचं देऊळ आहे आणि जाणारी गाडी तिथं थांबल्याशिवाय पुढे जात नाही. आमच्या उस्तादजींनी बस उभी केली, इंजिन चालूच ठेवलं, हात जोडले. कंडक्टर खाली जाऊन आला आणि सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट प्रसाद ठेवत मागे गेला. कुंभार्लीच्या माथ्यावर आम्हीही नारळ फोडायचो, पण आपल्या सोयीनं, अमावस्या-पौर्णिमेला. हे रोजचं होतं.

पुढे निघाल्यावर एका वळणावर समोरून लाकडांनी भरलेला ट्रक आला. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियम. ट्रकवाला आपण होऊन साठ-सत्तर फूट मागे सरकला, साइडपट्टीवर टायर अर्धा बाहेर ठेवून. उस्तादजींनी गाडी काढली आणि आरशात बघून मला विचारलं, “आप भी ड्राइवर हो क्या?” मी म्हटलं, कसं ओळखलं? ते म्हणाले, “आपका दायाँ पैर।” मी खाली बघितलं. उजव्या पायानं मी फळी दाबून धरली होती. ब्रेक मारत होतो, तीन तास.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. उतारावर न्यूट्रल करू नका; ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकचं लायनर जळल्याचा वास आला की रुंद जागा बघून अर्धा तास उभे राहा आणि तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका. वरून बारीक खडे गळताना दिसले तर त्याच्याखाली थांबून फोटो काढायचा नसतो. वर निघण्याआधी पिओच्या खाली पोवारीला टाकी भरून घ्या. आणि रस्ता बंद झाला की स्थानिक ड्रायव्हर काय करतात ते बघा. ते खाली उतरून चहा पितात. आपले लोक हॉर्न वाजवतात.

वाटेतलं वीजघर

ज्यांना यंत्रात रस नाही त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. वांगतूजवळच नाथपा आहे. तिथं सतलजचं पाणी अडवून 27 किलोमीटरहून लांब बोगद्यातून डोंगराच्या पोटातून झाकडीला नेलंय आणि जमिनीखालच्या वीजगृहात 1,500 मेगावॅट वीज होते. आमच्या पोफळीची हीच तऱ्हा: कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून आणून भूमिगत वीजगृहात सोडायचं. त्यामुळे बसमधले बाकीचे लोक बर्फ बघत होते तेव्हा मी पाईप बघत होतो. पुढे करछम-वांगतू आणि बास्पा हे आणखी प्रकल्प. एवढे बोगदे एका खोऱ्यात झाल्यावर गावकरी म्हणतात, झरे आटले, घरांना तडे गेले. 2021 मध्ये तिथल्या तरुणांनी ‘नो मीन्स नो’ म्हणत नव्या धरणांना विरोध केला. चहाच्या टपरीवर हा विषय काढलात तर दोन तास कुठे गेले कळणार नाहीत. आणि भूकंपाचं म्हणाल तर आम्हाला 11 डिसेंबर 1967 ची कोयनेची पहाट माहीत, त्यांना 19 जानेवारी 1975 ची दुपार. वरच्या किन्नौरात तेव्हा गावंच्या गावं पडली होती.

पिओ आणि कल्पा

रेकाँग पिओला सगळे नुसतं पिओ म्हणतात. जिल्ह्याचं ठिकाण, बाजार, एटीएम, दवाखाना, मुख्य स्टँड. पैसे इथंच काढून घ्या. मुक्काम मात्र वर कल्पाला, तिथं पिओहून दिवसभर लहान बस जातात. पिओ 2,290 मीटरवर, कल्पा जवळजवळ 2,960 वर. पहिल्या रात्री कल्पाला डोकं जड वाटलं तर घाबरू नका, भरपूर पाणी प्या, दारू नको, आणि संध्याकाळची आंघोळही नको. निम्मी मराठी माणसं त्या आंघोळीनंच आजारी पडतात.

कल्पाचं जुनं नाव चिनी. लॉर्ड डलहौसीला ही जागा फार आवडायची. त्याच्याच काळात, 1850 पासून, हिंदुस्थान-तिबेट रस्ता बांधायला घेतला. समोर दरीपलीकडे किन्नर कैलासाची रांग, सगळ्यात उंच जोरकंदेन, 6,473 मीटर. तिच्या धारेवर एक बारकासा सुळका उभा दिसतो, तो शिवलिंग. दिवसातून रंग बदलतो म्हणतात आणि बदलतोही. सगळी हॉटेलं तुम्हाला पहाटे पाचला उठवतील. उठा, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. सूर्य त्या रांगेच्या मागून येतो, त्यामुळे सकाळी डोंगर काळा आणि फक्त कड सोन्याची. खरा रंग संध्याकाळी चढतो, ऊन कल्पाच्या बाजूनं समोर पडतं तेव्हा. आम्ही तीन संध्याकाळी एकाच ओट्यावर बसलो. दूध नासताना पिवळट व्हावं तसा बर्फ आधी पिवळा, मग गाजरासारखा, मग चटकन राखाडी. हा सगळा खेळ दहा मिनिटांचा. पाचव्या मिनिटाला चहा आणायला गेलात तर गेलात.

शिवलिंगापाशी चढून जायची वाट खालच्या तांगलिंग गावातून आहे. आमच्या गुडघ्यांचं ते काम नाही, तेव्हा त्याबद्दल गप्प बसतो.

कल्पात नारायण-नागिणीचं लाकडी देऊळ आहे आणि जवळच बौद्धांचं लोचावा मंदिर. एकाच गल्लीत घंटाही वाजते आणि प्रार्थनाचक्रही फिरतं, आणि बाई एकच असते. किन्नौरात जसजसे वर जाल तसतसा बुद्ध वाढत जातो, पण देव कुणी सोडलेला नाही. तिसरी गोष्ट म्हणजे शाळा. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ज्यांचं नाव घेतात ते श्याम सरन नेगी कल्पाचे, पेशानं शिक्षक. देशात पहिली निवडणूक बहुतेक ठिकाणी 1952 च्या सुरुवातीला झाली, पण तेव्हा इथं बर्फ असतं, म्हणून या भागात आधीच मतदान घेतलं आणि 25 ऑक्टोबर 1951 ला नेगींनी मत टाकलं. निवडणुकीच्या ड्युटीला मतपेट्या आणि मतदान यंत्रं मी पुष्कळदा नेली आहेत, त्यामुळे मला याचं फार अप्रूप. 2022 च्या सप्टेंबरात आम्ही तिथं होतो तेव्हा ते हयात होते. भेटायला जावंसं वाटलं, पण शंभरी ओलांडलेल्या माणसाकडे रोज दहा पर्यटक जात असतील असं वाटून गेलो नाही. 5 नोव्हेंबरला ते गेले, 105 व्या वर्षी.

नेगी हे आडनाव तिथं आपल्या पाटलासारखं आहे, त्याहून जास्तच. बसमध्ये ‘नेगीजी’ म्हणून हाक मारा, अर्धी बस वळून बघेल.

चिलगोजा कसा घ्यायचा

पिओच्या बाजारातून सफरचंदं घेऊ नका, ती चिपळूणपर्यंत टिकत नाहीत. तिथंच बसून खा. घ्यायचा तो चिलगोजा. हे पाइनच्या जातीचं झाड. हिमाचलात किन्नौर आणि चंब्याच्या पांगीसारख्या कोरड्या, आतल्या खोऱ्यांतच येतं. साल चितकबरी, साप कात टाकतो तशी सुटणारी. त्याच्या बोंडात लांबट दाणे असतात. बोंडं झाडावर उकलली तर दाणे उधळून जातात, म्हणून ती हिरवी असतानाच माणसं उंच चढून पाडतात आणि मग ढीग घालून उकलवतात. दरवर्षी कुणी ना कुणी पडतं. भाव किलोला हजारांत सांगतात तो त्या चढणीचा भाव आहे. घासाघीस करा, पण फार नाही.

दाणा बघायची रीत मला एका म्हाताऱ्या आजींनी शिकवली. फुटपाथवर पोतं अंथरून बसल्या होत्या, डोक्याला हिरवी टोपी. मूठभर दाणे त्यांनी माझ्या हातावर घातले आणि म्हणाल्या, आधी वास घे. जुन्या चिलगोजाला खवट तेलाचा वास येतो. मग कवच बघायचं: ताजं असेल तर चकचकीत तपकिरी, जुनं निस्तेज. मग एक फोडायचा. दाढेखाली आडवा धरून चावलात तर आतला गर चुरगळतो. निमुळतं टोक पुढच्या दातांत धरून हलकेच दाबायचं, टिच्च वाजतं, आणि मग कवच नखानं सोलून निघतं. गर पांढराशुभ्र, लोण्यासारखा. मी पाच चुरगळले, सहावा जमला. आजी हसल्या आणि म्हणाल्या, आता घे किती घ्यायचे ते. पाव किलो घेतले.

काळं जिरंही घ्या, कागदात बांधलं तरी पिशवीभर वास येतो. टोपी घेणार असाल तर हिरवी पट्टी आणि मरून पट्टी यांच्यामागे तिथं पक्षांचं राजकारण आहे, हिरवी काँग्रेसची आणि मरून भाजपची समजतात. मी हिरवी घेतली, रंग आवडला म्हणून. पुढच्या बसमध्ये एक गृहस्थ माझ्याशी एकदम आपलेपणानं सरकारविषयी बोलायला लागले.

सांगला आणि चितकूल

पिओहून परत खाली करछमला यायचं. तिथं बास्पा नदी सतलजला मिळते आणि पूल ओलांडून सांगल्याचा रस्ता चढतो. पिओहून थेट चितकूलची बसही असते. वेळा मी इथं देत नाही, कारण हंगामाप्रमाणे बदलतात. आदल्या संध्याकाळी स्टँडच्या खिडकीवर विचारा. कंडक्टरला विचारलं तर अजून चांगलं, त्याला कुठली गाडी खरंच सुटणार ते माहीत असतं. चितकूलला मुक्कामी गाडी जाते का, हे मुद्दाम विचारून घ्या. मुक्कामी गाडी म्हणजे सकाळी परतायची हमी.

सांगल्याला उतरून कामरूचा किल्ला बघा. बुशहरच्या राजांची ही मूळ गादी, रामपूरच्या कितीतरी आधीची. किल्ला म्हणजे आपल्या रायगडासारखं काही मनात आणू नका. दगड आणि लाकडाचे थर देत उभारलेला एक उंच बुरूज, वर लाकडी सज्जा. गावातून पायऱ्या चढत जायचं. तिथं टोपी घालून आणि कमरेला गाची, म्हणजे पट्ट्यासारखा कापडी कमरबंद, बांधूनच आत सोडतात. दोन्ही दारातच मिळतं. राखणदारानं माझ्या कमरेला गाची अशी करकचून बांधली की पायऱ्या चढून आलेली धापच बंद झाली. मुख्य बुरुजात जाता येत नाही, आवारात फिरायचं. आत कामाक्षा देवी, आसामहून आणलेली असं सांगतात.

सांगल्याहून चितकूल बावीस-चोवीस किलोमीटर, वाटेत रकछम. बटसेरीचा तो टप्पा याच रस्त्यावर. तिथं डोंगरावरून दगडांची लांबच लांब पन्हाळ खाली आलेली दिसते. चितकूल 3,450 मीटरवर, या रस्त्यावरचं शेवटचं वस्तीचं गाव. ‘हिंदुस्तान का आखिरी ढाबा’ अशी पाटी आहे, तिच्यापुढे फोटोसाठी रांग लागते. रांग सोडा आणि गावात शिरा. पाटीसारख्या दगडाची छपरं, लाकडी कोठारं, माथी देवीचं देऊळ. नदीच्या काठाकाठानं पुढे चालत गेलात तर तासाभरात भारत-तिबेट सीमा पोलिसांची चौकी येते, तिथून मागे फिरायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात शेतात ओगला फुललेला असतो, गुलाबी. ओगला म्हणजे कुट्टू, ज्याचं पीठ उत्तरेत उपासाला खातात. त्याचं धिरडं मिळालं तर सोडू नका. आंबोळीची सवय असलेल्या माणसाला पहिल्याच घासाला घरचं वाटतं.

शेतातली फळं तोडू नका. सफरचंद हे त्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न आहे. आपल्या हापूसच्या बागेत शिरून कुणी आंबा तोडला तर आपण काय करू तेवढं आठवा. मागितलंत तर ओंजळभर देतात.

वरचं किन्नौर

पिओहून स्पितीतल्या काझाला जाणारी सरकारी बस सकाळी निघते, ती पकडून नाकोला उतरायचं. जागा मिळायला स्टँडवर फार लवकर जावं लागतं. भारतीयांना या रस्त्यावर परवाना लागत नाही, परदेशी पाहुणा बरोबर असेल तर त्याचा परवाना पिओलाच काढा. आणि हा टप्पा कल्पा-चितकूल झाल्यावरच करा, आधी नको. नाको 3,660 मीटरवर आहे. शरीर तोवर सरावलेलं असलं पाहिजे. मनालीकडून उलट येणारे लोक पहिल्याच दिवशी याहून उंच खिंड ओलांडतात आणि दोन दिवस अंथरुणात काढतात.

पोवारी सोडल्यावर एकेक झाड गळत जातं. पूहपर्यंत चिलगोजे, जर्दाळू, रिब्ब्याच्या द्राक्षांची नावं ऐकू येतात. मग नुसता डोंगर, मातीचा, गंजाचा, शिशाचा. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. पूल लागतो, बस सतलज सोडते आणि का गावाच्या वळणांवर चढायला लागते. वळणावर वळण, खालचे तीन रस्ते एकदम दिसतात. या चढणीत उस्तादजींनी दुसऱ्या गिअरच्या वर गाडी नेली नाही आणि बोललेही नाहीत.

नाको म्हणजे एक लहानसा तलाव, भोवती विलोची झाडं, मातीची घरं, आणि अकराव्या शतकातली बौद्ध मंदिरं. बाहेरून मातीचे खोके. आत गेल्यावर डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात, मग भिंतीतून मातीच्या मूर्ती पुढे येतात. आत फोटो काढत नाहीत. एक रात्र राहा, कारण काझाची बस तुम्हाला इथं जेमतेम चहापुरती थांबवेल. 2025 च्या जूनपासून शिपकी ला खिंडीपर्यंतही भारतीय पर्यटकांना आधार कार्डावर जाऊ देतात. मी अजून गेलेलो नाही. चौथ्या खेपेला बघू.

नाकोच्या पुढे मलिंग नाला लागतो. तिथं डोंगर सतत खाली सरकत असतो. स्पितीला जाणारे पुढे जातात, आम्ही नाकोहूनच मागे फिरलो.

परतीला पिओहून शिमल्याची सकाळची बस. वांगतूनंतर आता नदी उजव्या हाताला, म्हणजे बस डोंगराच्या बाजूनं चालते. ही डाव्या खिडकीला बसली, कातळाकडे डोकं टेकवून, आणि तरांड्याला गाडी थांबली तेव्हा तेवढी जागी होऊन प्रसादाला हात पुढे केला. मी या खेपेला पाचव्या रांगेत बसलो होतो. पाय सीटखाली दुमडून.